आधी हवेत एक रेघ

धर्माकाका, परवा तुमचं दहावं झालं. तुमच्या मुलानं सगळं नीट केलं, कावळाही फार भाव न खाता आला, आणि जमलेली मंडळी म्हणाली, म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली नव्हती. मी मागे उभी होते. मनात म्हटलं, त्यांची नसेल, माझी राहिली आहे. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला लांबलचक कागदांचा कंटाळा, हे ठाऊक आहे. मी दिलेले सरावाचे कागद तुम्ही रंगाच्या डब्यांखाली अंथरायचात. तरी एवढा वाचा.

तुम्ही गेल्याचा फोन मनीषानं केला तेव्हा मी रोह्याला घरी होते, भाजी चिरत. तुमची सून फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही. "मॅडम, बाबा गेले. दुपारी जेवले, हात धुतला, न् बसल्या जागी गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळवल्यावर कोणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले. वीस वर्षं लोकांकडून बोलण्याचा सराव करून घेणारी बाई मी, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "बरं".

माझं काम तुमच्या गावात कोणालाच धड सांगता आलं नाही. आठवड्यातून दोनदा रोह्याहून दिव्याची गाडी पकडायची, पेणच्या दवाखान्यात बसायचं, आणि झटक्यानं ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचा प्रयत्न करायचा. हमरापुरात मला 'बोलायची मॅडम' म्हणत. तुमची पहिली भेट झाली तेव्हा माघी गणपती नुकते झाले होते. तुमच्या गणपतींच्या कारखान्यात ब्रश हातात असतानाच तुम्ही खाली बसला होतात, ते उठून उभे राहिलात तेव्हा उजवा हात लुळा आणि तोंडाचा उजवा कोपरा उतरलेला. पायाला काही नाही. चालत आलात माझ्या खोलीत, खुर्ची ओढून बसलात आणि तोंड उघडलंत. काही आलं नाही. पुन्हा उघडलंत. जीभ आत चाचपडताना मला दिसत होती. मग तुम्ही हसलात, आणि त्या हसण्याचा आवाज मात्र अगदी ठणठणीत होता.

हात दीडदोन महिन्यांत परत आला. वाचा आली नाही. आणि गंमत अशी की आरती यायची. "सुखकर्ता" सुरू करून दिली की शेवटच्या कडव्यापर्यंत तुम्ही न अडखळता जायचात. कोंबडा कारखान्यात शिरला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही स्वच्छ व्हायचा. यमुनाकाकी माझ्यासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या एकदा. "आरती अख्खी बोलतो, शिव्या देतो, न् माजा नाव घ्याला काय होतं गो बाय त्याला? मी त्याचा नाव कदी घेतला नाय, म्हनून आता तो बी माजा घेत नाय का?" तुम्ही कपाळाला हात लावलात. मला हसू आलं, आणि काकींना ते आवडलं नाही.

मी त्यांना समजावलं, आणि तुमच्यासमोर भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रावर बोट फिरवलं. मेंदूची जी वरची सुरकुतलेली साल आहे ना, तिच्यात डाव्या बाजूला एक उभी पट्टी आहे. त्या पट्टीत शरीराचे अवयव शेजारीशेजारी राहतात. वर पाय, खाली हात, त्याला लागून चेहरा, ओठ, जीभ, कंठ. त्या पट्टीतून हुकूम सुटतो आणि ओठ मिटतात, जीभ उचलली जाते, कंठातले पडदे जवळ येऊन थरथरायला लागतात. आणि पट्टीच्या पुढच्या अंगाला जी जागा आहे, ती आधी कोण, मग कोण, किती जोरात, किती वेळ, हे सगळं जुळवून देते. साधं "पाणी" म्हणायचं तरी हे सारं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. काकांना शब्द ठाऊक आहे, ओठांत जोर आहे, जीभ हलते. जुळवून देणारी जागा दुखावली आहे. आरती आणि शिव्या हजारदा म्हणून घट्ट झालेल्या आहेत, त्या एकसंध बाहेर पडतात. नवं वाक्य दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं, तिथे घोडं अडतं.

काकी म्हणाल्या, "म्हंजे मुद्दाम नाय करत." आणि गेल्या.

तुम्ही मात्र उठून चित्रापाशी आलात. पट्टीतल्या हातावर बोट ठेवलंत, मग ओठांवर, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून मला दाखवलीत. हे दोघं शेजारी. मी म्हटलं, हो हो, आणि पुढचा तक्ता काढला. चहा, पाणी, भात, औषध. काका, ज्या माणसानं एका नजरेत ते चित्र वाचलं, त्याच्या पुढ्यात मी भाताच्या ताटाचा फोटो सरकवला. आज आठवलं की कान गरम होतात.

तक्त्यातले शब्द तुम्हाला नको होते. तुम्ही ते बाजूला सारायचात. मग तर्जनी माझ्या डोळ्याकडे, तिथून आपल्या तोंडाकडे, आणि मान नकारार्थी. पुन्हा डोळा, पुन्हा तोंड, पुन्हा नाही. दर आठवड्याला हेच. मी धोरणी बाई. मी ठरवलं, यांना दिसत नसणार, म्हणून चित्रं ओळखता येत नाहीत, म्हणून हे चिडतात. पेणमध्येच डोळे तपासायला पाठवलं. जवळचा नंबर निघाला, साठीच्या माणसाचा निघायचाच. चष्मा झाला. तरी तुमचं बोट डोळ्याकडून तोंडाकडे जातच राहिलं. मग मी तुमच्या कागदांत एक ओळ लिहिली, "सांगितलेलं समजत नसावं", आणि तुम्ही समोर बसलेले असताना मनीषाला म्हणाले, "यांना फार विचारत जाऊ नका. गोंधळतात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मी ओळखायला हवी होती. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझं वाक्य तुमच्या घरी कायदा झालं. तुमचा मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टवर, कारखाना मनीषाच्या अंगावर. आधी ती शेंदरी छटा तुम्हाला विचारून काढायची, माती तुम्हाला दाखवायची. ती विचारायची थांबली. "बाबांना कशाला तरास," म्हणायची. त्या वर्षी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला शेजारच्या जिते गावातून माणूस आणला, आणि तो काम करत असताना तुम्हाला ओटीवर बसवलं, कारखान्याकडे पाठ करून, म्हणजे तुमच्या जिवाला लागायला नको. चाळीस वर्षं ज्यानं हमरापुरात डोळे लिहिले त्याला पाठ करून. हे सगळं मला नंतर कळलं. गणपती झाले आणि तुम्ही दवाखान्यात यायचेच बंद झालात, म्हणून मी एक दिवस पेणला न उतरता पुढचं स्टेशन गाठलं आणि तुमचं घर विचारत आले.

ते दृश्य मी कोणाला सांगितलं की लोक हसतात, मीही हसते. विकायच्या सगळ्या मूर्ती गेल्या होत्या. रिकाम्या फळ्यांवर एकच गणपती उरला होता, सबंध रंगवलेला, पीतांबर, शेला, सोंडेवरची नक्षी सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी पांढरं. आणि त्याच्या त्या कोऱ्या तोंडावर माझा चष्मा. म्हणजे तुमचा, मी करायला लावलेला. एक काडी एका कानावर, दुसरी सोंडेच्या आधाराला. शेजारी स्टुलावर तुम्ही, हाताची घडी घालून माझी वाट पाहत बसल्यासारखे.

काकी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "दोन म्हैने झालं. कोनाला काडू देत नाय. न् हात लावू देत नाय त्या मूर्तीला."

मी मनीषाला विचारलं, हे काय आहे? आणि तिनं जे सांगितलं ते तिला इतकं साधं वाटत होतं की मला सांगण्यासारखं आहे असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा बुबुळ टेकवायच्या आधी "बघ देवा" म्हणतात. दर मूर्तीला. म्हटल्याशिवाय ब्रश टेकत नाही, आधीच्या आखणीवाल्यांनी त्यांना असंच शिकवलं. "हात तं बरा झालेला मॅडम. पन बोलता येत नाय तं डोले कसे देनार? म्हनून नाय केले."

डोळा, तोंड, नाही. इतकं सरळ तुम्ही मला सहा महिने सांगत होतात. मी रोह्याची, आमच्याकडे गणपती तयार होऊन घरी येतो, त्याला डोळे देताना कोणी काय म्हणतं हे मला कुठून कळणार, अशी समजूत मी स्वतःची घातली आहे पुष्कळदा. ती अर्धीच खरी आहे. मला माहीत नव्हतं, हे ठीक. तुम्हाला समजत नाही, हे लिहिण्याची घाई कोणी सांगितली होती?

त्या दुपारी मी तुम्हाला म्हटलं, डोळे कसे देता ते मला दाखवाल? तुम्ही चष्मा काढून ठेवलात, शून्य नंबरचा ब्रश घेतलात, कोरडाच. मूर्तीच्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर, हवेत रेघ काढलीत. सावकाश. पुन्हा तीच, थोडी जवळ. पुन्हा, अगदी केसभर अंतरावर. आणि टेकवायच्या क्षणी थांबलात, ओठ हलले, आणि तुम्ही ब्रश खाली ठेवलात. मला वाटलं होतं मी तुमच्या खांद्यावर हात ठेवावा. मी ठेवला नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घातल्यासारखी वाजत होती. हा माणूस हाताला आधी हवेत शिकवतो. आणि मी याच्या तोंडाला पहिल्या दिवसापासून थेट रंगात बुडवते आहे.

मग आपण ते केलं, काका. तक्ते गेले. "बघ देवा" या दोन शब्दांसाठी तोंडाला किती फिरावं लागतं ते मी तेव्हाच पहिल्यांदा नीट मोजून पाहिलं. ओठ मिटायचे, मग जिभेचं मागचं अंग टाळूला, मग शेंडा दातांशी, मग पुन्हा ओठांपाशी यायचं, आणि या सगळ्यात कंठ सुरू राहिला पाहिजे. आधी आवाज नाही. नुसती तोंडाची रेघ, हवेत. मग कुजबुज. मग आवाज. आणि प्रत्येक वळणाला तुमच्या हातात कोरडा ब्रश, कारण हात शेजारी राहतो आणि शेजाऱ्याची मदत घ्यायला लाज कसली, हे तुम्हीच मला दोन बोटांनी सांगितलं होतं. सुरुवातीला "ब"चा "प" व्हायचा. ओठ बरोबर मिटायचे, कंठ उशिरा जागा व्हायचा. तुम्ही चिडून ब्रश भिरकावलात दोनदा. एकदा तो काकींच्या वरणात पडला, आणि काकींनी त्या दिवशी दोघांनाही जेवायला वाढलं नाही.

पुढच्या ज्येष्ठात एक दिवस मी आले तेव्हा तुम्ही ओला ब्रश घेऊन बसला होतात. मी दारातच थांबले. हवेत तीन रेघा. ओठ आवाजाशिवाय हलले. मग "बघ", आणि मध्ये एवढी मोठी फट की तिच्यातून गाडी निघून गेली असती, आणि "देवा". ब्रश टेकला. मनीषा मातीचे हात तसेच घेऊन उभी. दुसऱ्या डोळ्याला फट लहान झाली. तो गणपती तुम्ही विकला नाहीत, अजून घरात फळीवर आहे, आणि त्याचं एक बुबुळ किंचित मोठं आहे हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही.

"यमुना" त्यानंतर आठवड्यानं आली. चहा घेताना. काकी बशी तशीच टाकून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढची दोन वर्षं तुम्ही माझे पेशंट कसले, भांडणाचे गिऱ्हाईक होतात. तुटक बोलायचात, पण वाद सोडायचा नाहीत. मी म्हणायचे, मेंदू हुकूम देतो, हात न् तोंड पाळतात. तुम्ही म्हणायचात, "नाय बाय. हातान... शिकवला. मेंदू... शिकला." मी म्हणायचे, उलटं बोलताय. तुम्ही म्हणायचात, "तूच... उलटी." मग मी चित्र काढायचे, तुम्ही चित्राकडे पाठ फिरवायचात. काका, आता ऐकणारं कोणी नाही तर कबूल करते. तुमचं पुष्कळसं खरं होतं. हुकूम वरून सुटतो हे खरं, पण ओठ मिटल्याचं, जीभ टेकल्याचं जे खालून वर कळतं, त्यानंच ती साल पुन्हा पुन्हा घडत राहते. दुखावलेली जागा तशीच राहिली तरी आसपासचे भाग ते काम उचलायला शिकतात, आणि ते शिकतात तोंड आणि हात हलवूनच. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. वादात तुम्हाला द्यायचं नव्हतं, इतकंच. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

आणि आज पेणच्या त्या खोलीत जो कोणी येतो, त्याला मी आधी हवेत रेघ काढायला लावते. एक शिक्षिका पेन घेऊन काढतात. एक टेम्पोवाले हवेत स्टिअरिंग फिरवतात, वळण घेतलं की शब्द. एक आजी लाटणं आणतात. ते विचारतात, हे कुठे शिकलात मॅडम? मी म्हणते, हमरापूरला. त्यांना वाटतं मस्करी करते. तुम्हाला हे एकदा सांगायचं होतं. दर खेपेला वाटायचं पुढच्या खेपेला सांगू, आज भांडण रंगात आलंय.

पण ही माझी खरी राहिलेली गोष्ट नव्हे. ती वेगळी आहे. तुमच्या कागदांतली ती ओळ मी खोडली, त्या दुपारीच, पेणला परत जाऊन. वर लिहिलं, "आकलन उत्तम". आणि त्याआधी, तुमच्या घरून निघताना, मनीषाला म्हणाले होते, "आता बाबांना सगळं विचारत जा, आता त्यांना कळतं." आता. म्हणजे आधी कळत नव्हतं, आता माझ्या उपचारानं कळायला लागलं. तिनं माझे हात धरले, काकींनी घरच्या तांदळाची पिशवी दिली. तुम्ही स्टुलावर बसून ऐकत होतात. तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. पुढे आलं, तरी तुम्ही तो विषय काढला नाहीत. मीही नाही. तुमच्या घरात तीन वर्षं मला देवासारखं वागवलं गेलं, आणि ओटीवर पाठ करून बसवलेल्या तुमच्या त्या हंगामाचा दोष झटक्यावर गेला. तो माझा होता.

परवा दहाव्याहून मी तुमच्या घरी आले. आषाढ निम्मा सरलाय, फळ्या मूर्तींनी भरल्या आहेत, निम्म्यांना तुमचे डोळे आहेत, निम्म्या कोऱ्या. मनीषानं हात धुतले आणि तुमच्या स्टुलावर बसली. गेल्या वर्षी तुम्ही तिला शिकवलंत ते मी पाहिलं होतं. हवेत रेघ. पुन्हा रेघ. हात छान चालतो तिचा. मग ती अडकली. ओठ आवळून बसून राहिली. "मॅडम, बाबांचा शब्द माज्या तोंडात येत नाय," म्हणाली, आणि फोनवर न रडलेली तुमची सून तिथे रडली.

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, आधी आवाजाशिवाय. तिचे ओठ मिटले, उघडले. मग कुजबुज. मग ती "बघ देवा" म्हणाली, सलग, तुमच्या फटीशिवाय, आणि ब्रश टेकला. बुबुळ नीट बसलं.

तेवढ्यात काकींनी माझ्या हातात काहीतरी ठेवलं. चष्म्याची डबी. आत तो चष्मा, दोन्ही काचांवर शेंदरी रंगाचे शिंतोडे. "त्यानं सांगून ठेवलेला. ह्या बायला द्याचा, न् हास म्हनावं."

मला हसता आलं नाही. म्हणजे तुम्ही सगळं धरून ठेवलं होतं, आणि धरून ठेवूनही माझ्यावर रागावला नव्हता. मी डबी मिटली. माझ्या मेंदूची साल शाबूत आहे, काका. हुकूम देणारी पट्टी, जुळवून देणारी जागा, सगळं जागच्या जागी. तरी तीन वर्षं एक वाक्य जुळलं नव्हतं. मी तुमच्यासारखं केलं. आधी नुसते ओठ हलवले. मनीषा माझ्याकडे बघायला लागली. मग कुजबुजले, मग मोठ्यानं म्हणाले, "त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. कळत नाही हे मी सांगितलं होतं, माझं चुकलं होतं. नंतरही मी ते लपवलं."

मनीषाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग उठली आणि चहा टाकायला आत गेली, आणि पातेल्यात तिनं आणखी एक कप पाणी ओतलेलं, माझ्या नावाचं, मला बाहेर ऐकू आलं.

काकी माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या. डबी माझ्या हातून घेतली, पदरानं पुसली, परत दिली.

"येवढा बोलाला तीन वरसा लावलीस गो बाय?" म्हणाल्या. "तो तं वरसात बोलला."